माझ्या ढिगावरचा केवडा

नौपाड्यातले संपादक घरी आले तेव्हा मी ओट्यावर सुपारी कातरत बसलो होतो. म्हणाले, मुकादम, आमच्या दिवाळीच्या अंकात वकील लिहितात, मास्तर लिहितात, यंदा एक डॉक्टरही लिहितायत, तुम्ही गाळावर लिहा. मी त्यांना सांगितलं की माझ्या दोनच यत्ता झाल्यात, आणि दुसरी पुरी झाली की नाही याबद्दल मास्तरांचं आणि माझं कधी जमलं नाही. ते म्हणाले, चालेल. म्हणून लिहायला बसलोय. अक्षर चिखलातून खेकडा चालत गेल्यासारखं आहे, ते छापणाऱ्यानं सांभाळून घ्यावं. मजकुराला मात्र हात लावू नये. मी विचार करून लिहिलंय.

गाळाचा मुकादम म्हणजे काय हे आजच्या पोरांना सांगावं लागतं. ठाणं तेव्हा आजच्यापेक्षा लहान होतं, पण घाण करण्यात लहान नव्हतं. बाजारातलं गटार, चांभारवाड्याचं कातडी धुतलेलं पाणी, रंगाऱ्यांच्या पिपांतलं निळं पाणी, खाटकाकडचं, तेल्याकडचं, सगळं उतरून खाडीकाठच्या खाजणात जायचं. खाजण म्हणजे भरतीचं पाणी येतं ती खारी, दलदलीची जमीन. आम्ही लोक तिला बांध घालून तिच्यात भात घेतो. तर बांधाच्या अलीकडे, जिथं गावाचं पाणी येऊन थबकायचं, तिथं गुडघ्याएवढा काळा गाळ साचायचा. थंडी संपली की माणसं लावून तो उपसायचा, उंचवट्यावर ढीग घालायचे आणि एक पावसाळा तसेच ठेवायचे. पुढच्या वैशाखापर्यंत ढीग पिकला तर शेतकरी तो वाफ्यावर पसरायला न्यायचे.

पूर्वी याची कुणाला गरज नव्हती. रोपं करायच्या वाफ्यावर पाला, काटक्या, शेण पसरून जाळायचं, त्याला राब भाजणं म्हणतात. पण रानातला टहाळ तोडायला बंधनं आली, मग राब कशाचा भाजणार? तेव्हापासून लोक गाळाकडे वळले. आणि ढीग पिकला की कच्चा, हे सांगायला म्युनिसिपालटीच्या कचेरीनं एक माणूस ठेवला. तो मी. कच्चा गाळ वाफ्यावर पडला तर रोप जळतं, आणि रोप गेलं म्हणजे त्या वर्षाचं भात गेलं. म्हणजे मी मान हलवली तर गाड्या भरायच्या, नाही हलवली तर बैल तसेच परत. मी मान फार हळू हलवायचो. लोकांना वाट बघायला लावण्यात मजा असते.

हे काम नाकाचं. माझा बाप कल्याणच्या तलावातला गाळ काढायचा, त्याच्याकडून मी शिकलो. कच्च्या गाळाला नासक्या अंड्यासारखा वास येतो. मग आंबूस होतो, ताकाचं मडकं धुवायचं राहिल्यासारखा. आणि पिकला की त्याला भरलेल्या कणगीचा वास येतो, भाताचा, कोरडा, गोडसर. ओंजळभर माती उचलायची, थोडं पाणी शिंपडायचं, नाकाशी धरायची आणि डोळे मिटायचे. माझ्या नाकावर ठाण्यापासून बाळकुमपर्यंत लोकांचा भरवसा होता. मी पास केलेल्या मातीत रोप कधी गेलं नाही, असं मी सांगत असे, आणि एका पौषापर्यंत ते खरं होतं.

त्या पौषात मला ताप आला. पंधरा दिवस पडून होतो. उठलो, काठी घेऊन ओट्यावर आलो, आणि बायकोला विचारलं की जेवायला काय करणार आहेस. चांगुणा चुलीशी बसली होती. तिनं वळून माझ्याकडे बघितलं.

"अवो, सुके बोंबील भाजतंय मी मगापासून. अख्ख्या आळीला कळलं."

मला कळलं नव्हतं. मी बोंबील हातात घेतला, नाकाला लावला, तोंडात घातला. खारट लागला, पण वास म्हणून काही नाही. मग लसूण ठेचून बघितला, रॉकेलचा दिवा हुंगला, शेवटी गोठ्यात गेलो. गोठासुद्धा देवघरासारखा स्वच्छ वाटला. चांगुणा म्हणाली, कचेरीत सांगून टाका, दुसरं काही काम देतील. मी म्हटलं, महिनाभरात येईल परत. तिनं विचारलं, नाही आलं तर? मी उत्तर दिलं नाही. मी उत्तर देत नाही तेव्हा तिला उत्तर मिळालेलं असतं.

वैशाख आला, नाक आलं नाही. ढिगांपाशी गाड्या लागल्या. मी नेहमीसारखा गेलो, ओंजळ भरली, पाणी शिंपडलं, डोळे मिटले. आत नुसता अंधार. पण समोर दहा माणसं उभी होती आणि सगळी माझ्या नाकाकडे बघत होती. मी मान हलवली. सवयीनं हलवली म्हणा. ढीग दिसायला चांगला काळा होता, भुसभुशीत होता, आणि मला वाटलं, दिसतोय तसाच असणार.

त्यातला एक ढीग भागुबाईनं नेला.

भागुबाई बाळकुमकडची. नवरा लवकर गेला, खाजणातली भातखाचरं तिनं एकटीनं धरून ठेवली होती. तिच्याकडे राता भाताचं बी होतं. राता म्हणजे तांबड्या दाण्याचं भात, खारं पाणी चढलं तरी मान टाकत नाही. सासूच्या सासूपासून त्या घरात निवडून, राखून ठेवलेलं. आजूबाजूचे चार गाव तिच्याकडून बी न्यायचे. आमच्याकडे रीत अशी की बी विकायचं नसतं. टोपलीनं न्यायचं, पिकलं की तेवढंच भरून परत करायचं. वैशाखात तिच्या अंगणात टोपल्यांची रांग लागायची आणि ती मधोमध सूप घेऊन बसायची. माझ्या ढिगांपुढं गाड्यांची रांग आणि तिच्या दारात टोपल्यांची, आम्हा दोघांना एकमेकांबद्दल त्यामुळं थोडी बरोबरीची भावना होती. बोलायचो मात्र भांडल्यासारखं.

मृगात तिनं पेरलं. उगवलं, बोटभर झालं, आणि पिवळं पडून बसलं. पंधरवड्यात वाफा मोकळा. ती मेलेली रोपं मुठीत घेऊन माझ्या ढिगांवर आली. तिथं शेतकरी होते, माझी माणसं होती, गोमा होता. गोमा म्हणजे माझ्या हाताखालचा दुय्यम मुकादम, नाक चांगलं, बोलणं जास्त. भागुबाई म्हणाली, "मुकादमा, तुजी माती कच्ची होती."

आता इथं मी खरं बोलायला हवं होतं. तिथं नाही बोललो म्हणून इथं लिहितोय. मी म्हटलं, "माती मी पास केलीय. बी बघ तुझं. म्हातारं झालंय ते."

नुसतं एवढंच. पण माझ्या मान हलवण्यावर चालणारे लोक होते. पुढच्या वैशाखात तिच्या अंगणात टोपली आली नाही. एकही नाही. लोकांनी पनवेलकडून बी आणलं, अलिबागकडून आणलं, पण रात्याला कुणी हात लावला नाही. आणि जे बी कुणी पेरत नाही ते दोनचार वर्षांत संपतं, हे शेतकऱ्याला सांगायला नको. तिच्या स्वतःच्या एका खाचरात तिनं ते कसंबसं चालवत ठेवलं, राब भाजून, पाला कुठून तरी डोक्यावर आणून.

ती गेल्यावर, सगळे पांगल्यावर, मी तिच्या ढिगाचा उरलेला भाग फावड्यानं फोडला. आत चकचकीत काळं, चाकाच्या वंगणासारखं. त्या बाजूला रंगाऱ्याचं निळं पाणी फिरलं होतं. मग शेजारचा ढीग फोडला, जो चांगला निघाला होता. त्याच्या आत पांढरे धागे होते. कापूस पिंजताना हवेत उडतात तसे बारीक, पण ढेकळातून आरपार गेलेले, एक ढेकूळ उचललं तर दुसरं लोंबकळत वर यायचं. हे धागे मी जन्मभर पाहिले होते, पण त्यांच्याकडे बघितलं नव्हतं. नाक असताना डोळ्यांना काय काम?

त्या दिवसापासून मी बुरशीचा विद्यार्थी झालो. तिसरी यत्ता म्हणा. ढिगांच्या पोटात हात घालून बघायचो. गाळ टाकल्यावर आधी काहीच नसतं. मग वरवर हिरवट धूळ येते, ती काही कामाची नाही, ती शिळ्या भाकरीवरही येते. मग पांढरा धागा शिरतो. गावाची सगळी घाण तो खातो, कातड्याचे तुकडे, चिंध्या, लाकडाचा भुसा, काहीही. खाता खाता गाळाची माती होते. धागा दाट झाला की वर तपकिरी टोप्यांच्या बारक्या छत्र्या येतात, सकाळी येतात आणि दुपारी शाई होऊन गळतात. धागा विरळ होऊन गांडूळ दिसायला लागलं की ढीग पिकला. जिथं निळं पाणी लागलंय तिथं धागा जात नाही. वळसा घालून जातो, मधे टक्कल सोडून. संपादकांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले की कॉलेजात यालाही वनस्पतीच समजतात, फूल नसलेली, पान नसलेली. असेल. माणसांतही अशी असतात आणि पुष्कळ काम करतात.

असे तीन वैशाख गेले. मी ओंजळ नाकाशी धरायचो, डोळे मिटायचो, आणि बोटांनी हळूच ढेकूळ फोडून धागा चाचपायचो. मग डोळा किंचित उघडून बघायचो. लोकांना वाटायचं मुकादम वासात तल्लीन झालेत. त्या तीन वर्षांत एकही रोप गेलं नाही, आणि माझ्या नाकाची कीर्ती पहिल्यापेक्षा वाढली. लोक सांगायचे, तापानंतर मुकादमांचं नाक अजून तिखट झालं. मी ते कुणाला खोडून काढलं नाही. फक्त भागुबाई बांधावरून जाताना दिसली की मी ढिगाच्या पलीकडच्या बाजूला काही काम काढायचो.

मग तो श्रावणी सोमवार उजाडला.

सकाळी ढिगांवर गेलो तर मधल्या ढिगावर एक नवलच उभं होतं. वीतभर उंच, पांढराशुभ्र दांडा. डोक्यावर काळपट हिरवी टोपी. आणि टोपीखालून चारी बाजूंनी खाली आलेली पांढरी जाळी, कोळ्यानं पाग फेकल्यावर तो हवेत उघडतो तशी, अगदी जमिनीपर्यंत. इतकी वर्षं मी मातीत काढली, पण असं कधी पाहिलं नव्हतं. का पाहिलं नव्हतं ते आता कळतं. नाक असताना मी त्या दिशेला गेलोच नसतो.

मला वाटलं, ढिगाला फळ आलं. माझ्या मातीनं माझा मान राखला. कचेरीचे ओव्हरसियर रावसाहेब नवीन आले होते, त्यांना या ढिगांबद्दल जरा शंका होती, शहराच्या इतक्या जवळ असलं काही असावं का म्हणून. त्यांना हे दाखवायचं ठरवलं. केळीचं पान कापलं, त्यावर ते मुळासकट ठेवलं, दोन्ही हातांत प्रसादासारखं धरलं आणि नौपाड्याकडे निघालो.

वाटेत लोकांनी फार मान दिला. तलावाकाठी पिंपळाखाली न्हावी बसायचा, त्यानं मला बघून पेटी उचलली आणि अर्ध्या दाढीच्या गिऱ्हाइकाला घेऊन झाडाच्या पलीकडे गेला. मला वाटलं, वाट मोकळी करून दिली. देवळातून बायका येत होत्या, त्यांनी पदर नाकाशी ओढले. म्हटलं, चांगल्या घरच्या आहेत. मागं दोन कुत्री चालत होती आणि माश्या पानावर छत्र धरून येत होत्या. नौपाड्यात एकेका घराची खिडकी मी पुढं येईल तशी बंद होत गेली. ते मात्र जरा विचित्र वाटलं, पण म्हटलं, सोमवारचा उपास आहे, लोक लवकर पडतात.

रावसाहेब ओटीवर पाहुण्यांबरोबर फराळाला बसले होते. पानात वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी. गोमा अंगणात हजेरीचा कागद घेऊन उभा होता. मी अंगणातूनच हात लांब करून ते पान थेट ओटीच्या कडेवर ठेवलं, पाहुण्यांच्या ताटाशेजारी. म्हटलं, रावसाहेब, जरा वास घ्या, कशी जिवंत माती आहे बघा.

पाहुणे उठले. नुसते उठले नाहीत, मागच्या दारानं विहिरीवर गेले. आतून बायकांचा आवाज आला की घरात घूस मेलीय का बघा. रावसाहेबांनी उपरणं तोंडाशी धरलं. माणूस शहाणा होता. रागावला नाही. त्यानं माझ्याकडे नीट बघितलं आणि उपरण्याआडून विचारलं, "मुकादम, तुम्हाला याचा वास कसा वाटतो?"

गप्प बसलो असतो तर सर्दी म्हणून निभावलं असतं. पण मी गप्प बसणारा असतो तर हा लेख झाला नसता.

मी म्हटलं, "उंची आहे. केवड्याच्या जातीतला."

गोमा हजेरीचा कागद घेऊन खालीच बसला. हसून हसून त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, किंवा वासानं आलं असेल, मला कळायला मार्ग नव्हता. संध्याकाळपर्यंत अख्ख्या ठाण्यात झालं की मुकादमाचं नाक गेलंय. मला अजूनही जुने लोक केवडा मुकादम म्हणतात. मी ओ देतो.

चांगुणा त्या दिवशी दारातच उभी होती. तिनं मला ओट्यावरच थांबवलं, माझ्या अंगावर चार घागरी ओतल्या, आणि पागोटं काठीनं उचलून उकिरड्यावर टाकलं. मग पाचवी घागर आणायला गेली.

दुसऱ्या दिवशी रावसाहेबांनी बोलावलं. म्हणाले, नाक नसलेला गाळ-मुकादम कचेरीला ठेवता येणार नाही. जागा गोमाला जाईल. मी म्हटलं, तीन वर्षं नाक नव्हतं, तीन वर्षांत एक रोप गेलेलं दाखवा. मग धाग्याचं सगळं सांगितलं. ते ऐकत होते, पण डोळ्यांत विश्वास नव्हता. शेवटी म्हणाले, ठीक आहे, वैशाखात पारख करू. गोमा नाकानं एक ढीग निवडेल, तुम्ही डोळ्यानं एक. एकाच वाफ्यात निम्मी माती त्याची, निम्मी तुमची, बी एकच. ज्याची रोपं उभी राहतील तो मुकादम.

वाफा कुणाचा घ्यायचा यावर गाडं अडलं. स्वतःचा वाफा आमच्या भांडणात घालायला एक शेतकरी तयार होईना. बांधावर सगळे जमले होते, जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवत होता. तेव्हा भागुबाई मागून पुढं आली. चार वर्षांत ती माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती.

"वाफा माजा घ्या," ती म्हणाली. "पण बी माजंच पडंल. राता."

रावसाहेबांना काय, बी कुठलंही चालणार होतं. त्यांनी मान डोलावली. बाकीचे मात्र सगळे माझ्याकडे बघायला लागले, आणि मला हळूहळू उमगलं की म्हातारीनं काय केलंय. माझ्या बाजूची रोपं मेली तर माझी जागा गेली. आणि माझ्या बाजूची रोपं जगली, तर त्या बियाला काहीच झालेलं नव्हतं, मग चार वर्षांपूर्वी मेलं ते कशानं? हरलो तर मुकादमपण जाणार, जिंकलो तर खोटा ठरणार. मी तिच्याकडे बघितलं. ती बांधावरच्या खेकड्याच्या बिळाकडे बघत होती, फार लक्ष देऊन.

घरी येऊन चांगुणाला सांगितलं. ती म्हणाली, मग मुद्दाम वाईट ढीग निवडा, म्हणजे खोटं झाकलेलं राहील, जागा तेवढी जाईल. ती थट्टा करत होती की नाही हे मला आजवर कळलेलं नाही. पण ते ऐकून मी जेवता जेवता उठलो. वाईट माती मी आधीच एकदा दिली होती, तीसुद्धा त्याच बाईला.

वैशाखात निवड झाली. गोमानं एक ढीग निवडला, त्यावर पाणी शिंपडून तीनदा वास घेतला. नाक त्याचं खरंच चांगलं होतं, त्याबद्दल मी कधी वाईट बोललो नाही. पण त्या ढिगात आगगाडीच्या यार्डातली कोळशाची राख फार पडली होती, आणि ती राख वास गिळते. वाईट वास नाही म्हणजे चांगली माती असं त्याला वाटलं. मी आत हात घालून बघितला होता. एक धागा नव्हता. मी त्याला तसं सांगितलंसुद्धा, कारण वाफा भागुबाईचा होता. तो म्हणाला, "केवडाशेठ, तुम्ही तुमचं बघा."

मी निवडलेला ढीग दिसायला काहीच नव्हता. कोपऱ्यातला, चिंध्या डोकावणारा, चांभारवाड्याकडचा. पण फोडला की कापूस.

वाफ्याच्या मधोमध काठी आडवी टाकून दोन भाग केले. मृगात भागुबाईनं स्वतःच्या हातानं बी टाकलं, दोन्हीकडे सारखं, मुठी मोजून. मी रोज बांधावर जायचो. चांगुणा म्हणायची, तुम्ही बघून काय लवकर वाढणार आहे का. तिसऱ्या आठवड्यात रावसाहेब आले, छत्री धरून, शेतकरी आले. गोमाच्या बाजूचं रोप बोटभर होऊन पिवळं, टोकाला जळलेलं. माझ्या बाजूचं हिरवं, दाट, वाऱ्यावर एकत्र वाकणारं. काठी मधे नसती तरी रेघ दिसली असती.

रावसाहेब म्हणाले, मुकादम, तुमची जागा तुम्हाला. लोक माझ्याकडे बघून हसले, कुणी पाठ थोपटली. आणि मग गोमानं विचारलंच. तो हरला होता, आणि हरलेल्या माणसाला बरोबर प्रश्न सुचतात.

"रोप तर उभं राहिलं. मग त्या साली काय मेलं होतं?"

मला तोंडावर तीन उत्तरं आली होती. त्या वर्षी पाऊस उशिरा होता. त्या वर्षी किडा पडला होता. त्या वर्षी बांध झिरपला होता. तिन्ही चालली असती, मला मानणारे लोक होते. भागुबाई वाफ्याच्या कडेला उकिडवी बसून गोमाच्या बाजूची मेलेली रोपं उपटत होती. तिनं वरसुद्धा बघितलं नाही.

मी म्हटलं, "बी चांगलं होतं. माती कच्ची होती. नाक माझं त्या आधीच गेलं होतं, मला माहीत होतं, आणि मी पास केली."

मग रावसाहेबांना म्हटलं की जागा गोमाला द्यायची तर द्या. रावसाहेबांनी छत्री या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली आणि म्हणाले, एकाला नाक आहे, एकाला डोळे आहेत, यापुढं दोघांनी मान हलवल्याशिवाय गाडी भरायची नाही. पुढची सोळा वर्षं मी आणि गोमानं एकेका ढिगावर भांडून काढली. मातीला इतकी चांगली पारख पुन्हा मिळणार नाही.

भागुबाईनं वाफ्यातली उभी रोपं उपटून लावणीला नेली. त्या साली राता तिच्या सगळ्या खाचरांत उभा राहिला. पुढच्या वैशाखात तिनं निरोप पाठवला, टोपली घेऊन ये. मी म्हटलं, मला कुठली शेती? माझ्याकडे तुळशीचं वृंदावन सोडून दुसरी माती नाही. तरी गेलो. अंगणात ती सूप घेऊन बसली होती, आणि लोक कुंपणाबाहेर टोपल्या घेऊन उभे होते, आत कुणी येत नव्हतं. लाज वाटत असावी. तिनं माझी टोपली ओढली आणि भरली.

"तू मोडलंस, तू आधी घे," ती म्हणाली. "मग बाकीचे घेतील."

मी टोपली डोक्यावर घेऊन त्या सगळ्यांच्या मधून बाहेर आलो. मागं वळून बघितलं तेव्हा अंगणात रांग लागली होती.

आता रीत म्हणजे रीत. नेलेलं बी भरून परत करायलाच हवं, आणि मला तर शेत नाही. चार शेतकरी म्हणाले, आमच्यातलं दे भरून. मी ऐकलं नाही. तिचा तो जुना मेलेला ढीग, निळ्या पाण्याचा, तिथंच पडून होता, त्याला कुणी हात लावत नव्हतं. मी शेजारच्या चांगल्या ढिगातली धागेवाली ढेकळं आणून त्यात गाडली, जसं दुधात विरजण घालतात, आणि दरवर्षी वर मूठभर राता टाकला. पहिल्या वर्षी काही नाही. दुसऱ्या वर्षी काही नाही. गोमा म्हणायचा, केवडाशेठ दगडाला पाणी घालतायत. तिसऱ्या वर्षी टकलाच्या कडेनं धागा आत शिरला. चौथ्या वर्षी दहाबारा रोपं उभी राहिली. ती ओंब्यांवर येईपर्यंत मी चिमण्यांवर स्वतः लक्ष ठेवलं, मुकादम असून. अशी टोपली भरायला मला आणखी सहा वर्षं लागली.

टोपली घेऊन तिच्याकडे गेलो तेव्हा ती पार थकली होती. वर त्या ढिगातलं एक ढेकूळही नेलं होतं, म्हटलं, बघू दे तिला. तिनं भात बाजूला ठेवलं आणि आधी ढेकूळ घेतलं. फोडलं, पाणी शिंपडलं, नाकाशी धरलं, डोळे मिटले. अगदी मी करायचो तसं, वाट बघायला लावून. मग तेच हात लांब करून तिनं ढेकूळ माझ्या नाकाशी धरलं.

मी डोळे मिटून मोठा श्वास घेतला.

"कसा हाय?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, "तू सांगशील तसा."